दुसऱ्या वाचनाची तयारी : एका ऑडिशन कार्यशाळेचे परीक्षण

हौशी नाट्यसंस्थांच्या नाटकांत भूमिका मिळावी म्हणून धडपडणाऱ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या एका कार्यशाळेत मी नुकताच भाग घेतला. अभिनयाचे वर्ग पुष्कळ असतात. आवाजाचे, देहबोलीचे, कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचेही असतात. परंतु निवडचाचणी एवढाच विषय धरून, अर्ज भरण्यापासून दुसऱ्या फेरीतल्या जोडीवाचनापर्यंतचे सगळे टप्पे करून घेणारे शिक्षण सहसा मिळत नाही, आणि त्यामुळे चांगले काम करू शकणारी माणसे केवळ चाचणीच्या खोलीत बावचळल्यामुळे मागे राहतात. म्हणून या कार्यशाळेकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा पूर्ण झाल्या. एका महत्त्वाच्या ठिकाणी मात्र कार्यशाळेने स्वतःच शिकवलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवली. आयोजकांचे नाव इथे घेत नाही, कारण जे म्हणायचे आहे ते अशा कोणत्याही कार्यशाळेला लावून पाहता येण्याजोगे आहे.

ऑडिशनला जाणारा उमेदवार बहुधा असे धरून चालतो की घरी बसवलेला उतारा निर्दोष सादर केला की काम झाले. दिग्दर्शकाची गरज वेगळी असते. स्थानिक संस्थेच्या नाटकात सगळेच जण नोकरी, घर किंवा शिक्षण सांभाळून येतात, तालमी दिवसभराची कामे आटोपल्यावर होतात, प्रयोगाची तारीख आधीच ठरलेली असते आणि मानधनाचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. अशा वेळी दिग्दर्शकाला हवा असतो तो सांगितलेले नीट ऐकणारा, ऐकून कामात बदल करणारा आणि तो बदल पुढच्या तालमीपर्यंत टिकवून धरणारा नट. हे जोखायला त्याच्या हाती प्रत्येकामागे जेमतेम काही मिनिटे असतात. म्हणून पहिले वाचन झाले की तो एखादी सूचना देतो आणि तोच उतारा पुन्हा करायला सांगतो. निवडीचा कौल पुष्कळदा या दुसऱ्या वाचनावर लागतो, असे मुख्य मार्गदर्शिकांनी पहिल्याच सत्रात सांगितले आणि पुढची जवळजवळ सगळी सत्रे त्याच सूत्राला धरून घेतली. कार्यशाळेचे खरे मोल माझ्या मते इथे आहे.

एक उदाहरण देतो. आमच्या गटातल्या एका तरुणीने घर सोडून निघालेल्या भावाशी बोलणाऱ्या बहिणीचा उतारा केला. पाठांतर चोख होते, शब्दन्‌शब्द स्वच्छ येत होता, राग पायरीपायरीने चढत गेला आणि “तुला जायचे तर जा” या शेवटच्या वाक्याला तिने असा काही आवाज लावला की आम्ही आपोआप टाळ्या वाजवल्या. मार्गदर्शिका म्हणाल्या, “चांगले झाले. आता शेजारच्या खोलीत वडिलांचा नुकताच डोळा लागला आहे, त्यांना जाग येता कामा नये. पुन्हा करा.” तिने आवाज खाली आणला, पण हातवारे तेच, थांबण्याच्या जागाही त्याच राहिल्या. मार्गदर्शिकांनी तिला मध्येच थांबवले. “आवाज बारीक केलात, पण भांडण अजून मोठ्यानेच चालू आहे. भावाला जाऊच द्यायचे नसेल तर तुम्ही काय कराल?” ती क्षणभर थांबली, उठून दाराच्या बाजूला गेली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिथून अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुला जायचे तर जा.” वाक्यातला एक शब्दही बदलला नव्हता, आणि तरी अर्थ उलटा झाला होता. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सगळे पुढे काय होते ते पाहत होते.

त्यानंतर जे स्पष्टीकरण मिळाले ते मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. दिग्दर्शक पुष्कळदा घाईत विशेषण देतो : जरा चिडून करा, थोडे हळवे करा, अधिक गंभीर करा. नटाने ते विशेषण तसेच उचलले की चेहरा तेवढा चिडतो किंवा हळवा होतो आणि बाकी सगळे जागच्या जागी राहते. म्हणून विशेषणाचे क्रियापद करून घ्यायचे. चिडून म्हणजे समोरच्याला गप्प बसवणे, हळवे म्हणजे त्याला विनवणे, गंभीर म्हणजे त्याला सावध करणे. करण्याजोगी कृती हाती आली की डोळे, हात आणि आवाज आपोआप कामाला लागतात. याचे मूळ स्तानिस्लावस्कीच्या शिकवणीत आहे; १८९८ साली नेमिरोविच-दानचेंको यांच्यासह मॉस्को आर्ट थिएटर स्थापन करणाऱ्या या दिग्दर्शकाने पात्राला या क्षणी काय हवे आहे, हा प्रश्न नटाच्या कामाच्या केंद्रस्थानी आणला. तत्त्व जुने आहे. पण चार-पाच मिनिटांच्या चाचणीत, दडपणाखाली, ऐकलेल्या सूचनेवर ते ताबडतोब कसे वापरायचे, याचा सराव इतक्या चिकाटीने करून घेतलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

उतारा निवडण्याविषयीचे सत्रही उपयोगाचे होते. बहुतेक ठिकाणी एक ते दोन मिनिटांचा उतारा मागतात आणि काही संस्था परस्परांहून भिन्न प्रकृतीचे दोन उतारे मागतात, तेव्हा एक गंभीर आणि एक विनोदी एवढ्यावर समाधान मानू नये, दोन्हींतल्या पात्रांचा वेगही वेगळा असावा, ही सूचना मला पटली. आठवणी सांगणारे उतारे टाळावेत, कारण त्यांत घडलेल्या गोष्टीचे वर्णन असते आणि आत्ता काही घडत नाही, हे तर प्रत्येक उमेदवाराने ध्यानात ठेवावे असे आहे. पहिले वाक्य उच्चारण्याआधी काय घडून गेले, हे ठरवल्याशिवाय उभे राहायचे नाही, हा इथला कडक नियम होता. ब्रॉडवेवर पात्रनिवडीचे काम केलेल्या मायकेल शर्टलेफ यांनी ऑडिशनसाठी १२ मार्गदर्शक सूत्रे मांडली, त्यांत या ‘आधीच्या क्षणा’ला स्वतंत्र स्थान आहे, आणि दोन मिनिटांच्या उताऱ्यात पहिली वीस सेकंदे अंग मोकळे होण्यात वाया घालवणाऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आयत्या वेळी हाती दिलेल्या संहितेच्या वाचनावर दोन सत्रे दिली होती आणि ती दोन्ही भरगच्च होती. कागद छातीच्या उंचीवर धरायचा, म्हणजे मान खाली जात नाही. अंगठा चालू ओळीवर ठेवायचा, म्हणजे नजर वर गेली तरी जागा हरवत नाही. वाक्याची सुरुवात कागदावरून उचलायची, पण त्याचा शेवट समोरच्याच्या डोळ्यांत पाहून करायचा. या गोष्टी ऐकायला किरकोळ वाटतात, मात्र संपूर्ण वाचनभर ज्याच्या डोक्याचा केवळ वरचा भाग दिसतो अशा उमेदवाराविषयी दिग्दर्शकाने काय मत बनवावे? याच सत्रात एक सुरेख प्रयोग झाला. आम्हा प्रत्येकाला फक्त आपली वाक्ये आणि त्यांच्या आधी येणारे दोन-तीन शब्द लिहिलेली चिठ्ठी दिली. सहकलाकार काय बोलणार आहे ते कळायला मार्गच नव्हता. शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्रज नटांना भूमिका अशाच तुटक रूपात मिळत असे, आणि एडवर्ड ॲलन या नटाच्या एका भूमिकेचा तसा कागद लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपून ठेवलेला आहे. चिठ्ठी हातात असताना समोरच्याचे प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकावेच लागते, कारण आपली पाळी कधी येणार ते त्यातूनच कळते. ऐकण्याविषयी दिलेल्या कोणत्याही व्याख्यानाने जे साधले नसते ते त्या चिठ्ठीने साधले.

आवाजाच्या सत्राविषयी विशेष आदराने लिहिले पाहिजे. आवाज मोठा करणे आणि आवाजाची फेक सुधारणे यांत फरक आहे, हे सगळेच शिक्षक सांगतात. श्वास पोटापासून घेण्याचा सरावही सगळीकडे होतो. इथे मात्र मराठी वाक्याच्या शेवटावर नेमके बोट ठेवले गेले. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा त्याच्याही नंतर येतो. श्वास अपुरा पडून वाक्याचे शेपूट गळाले की “मी तिथे पुन्हा कधी जाणार नाही” यातले “नाही” पाचव्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि प्रेक्षकाला ऐकू येते ते अर्धवट, कधी कधी अगदी विरुद्ध. आवाजाचे मार्गदर्शक सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसत आणि वाचणाऱ्याचे वाक्य संपले की ऐकू आलेला शेवटचा शब्द तेवढा मोठ्याने सांगत. काही जणांच्या बाबतीत तो शब्द वाक्याच्या मध्यावरचाच निघाला. यावर त्यांनी दिलेला उपाय सोपा होता : श्वास वाक्याच्या लांबीच्या हिशेबाने घ्यायचा आणि शेवटचे दोन शब्द संपेपर्यंत नजर खाली पाडायची नाही. सत्र संपेपर्यंत गटातल्या बहुतेकांची वाक्ये शेवटच्या रांगेपर्यंत सबंध जाऊ लागली होती.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव म्हणजे समोरून वाचणारी माणसे. ऑडिशनमध्ये उमेदवाराला बहुधा संस्थेचा एखादा सदस्य साथीला दिला जातो आणि त्याच्या वाचनावर उमेदवाराचे निम्मे काम अवलंबून असते. या कार्यशाळेत ते काम आळीपाळीने स्वयंसेवकांकडे दिले होते. ते मनापासून मदत करत होते, यात शंका नाही, पण त्यांतले बरेच जण कागदातून मान वर न काढता, सपाट आवाजात आणि आपल्या वाक्याची जागा चुकवत वाचत. प्रत्यक्ष चाचणीतही साथीदार असाच मिळू शकतो, तेव्हा त्याची सवय असावी, असे समर्थन करण्यात आले. ते मला अर्धेच मान्य आहे. थंड साथीदारासमोर काम कसे उभे करायचे, हे शिकवायचेच असेल तर तसे सांगून, त्याचे तंत्र देऊन शिकवावे. अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नर यांनी नटाने समोरच्याकडून जे मिळते त्यावरच काम करावे, यासाठी पुनरुक्तीचा, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे पाहत एकच वाक्य आलटूनपालटून म्हणत राहण्याचा, जो प्रसिद्ध सराव दिला, त्याचा पाऊण तास जरी इथे झाला असता तरी निर्विकार साथीदाराकडूनही काय उचलायचे ते कळले असते. तो झाला नाही, आणि शिकाऊ उमेदवारांची एकेक संधी त्यामुळे फुकट गेली.

दुसरी उणीव विषयांच्या वाटणीची. घरून ध्वनिचित्रफीत करून पाठवण्याची पद्धत २०२०नंतर नाटकवाल्यांतही रुळली आहे, त्यामुळे तिला जागा द्यायला हवी, हे खरे. मोबाइल आडवा धरावा, प्रकाश समोरून घ्यावा, छातीच्या वरचा भाग चौकटीत ठेवावा आणि साथीदाराने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसावे, म्हणजे नजर भलतीकडे जात नाही, हे अर्ध्या तासात सांगून होते. इथे त्यासाठी सबंध दिवस खर्ची पडला. त्याउलट रंगमंचावरच्या जागेचा वापर, म्हणजे खुर्ची कुठे ठेवायची, परीक्षकांपासून किती अंतरावर उभे राहायचे, काल्पनिक सहकलाकाराला कोणत्या दिशेला धरायचे, या गोष्टी घाईघाईने उरकल्या गेल्या. नाटकाच्या ऑडिशनला जाणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. काल्पनिक व्यक्तीला एका बाजूला कोपऱ्यात धरले की अर्धा चेहरा दिसेनासा होतो, आणि परीक्षकांच्याच डोळ्यांत पाहून बोलले की त्यांना निरीक्षण सोडून सहकलाकार व्हावे लागते. परीक्षकांच्या डोक्यावरून, किंचित बाजूला, एक ठरावीक ठिकाण पकडणे हा त्यावरचा मार्ग आहे, आणि तो मला इतर सहभागींकडून कळला, कार्यशाळेकडून नव्हे.

पोशाखाविषयी चर्चा थोडक्यात झाली आणि ती तेवढीच असायला हवी होती. भरतमुनींनी सांगितलेल्या आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी आहार्याला, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेला, चाचणीत जवळजवळ स्थान नसते. जमिनीवर बसता येईल, वाकता येईल असे साधे कपडे आणि पाय न घसरणारी पादत्राणे एवढे पुरते. संगीत नाटकाच्या ऑडिशनचे सत्र तर नावापुरतेच होते. आपली पट्टी कोणती हे आधी ठरवून साथीदाराला स्पष्ट सांगावे, आणि गाण्याचा जो भाग आपल्या आवाजाचा पल्ला दाखवतो तोच निवडावा, यापलीकडे तिथे काही मिळाले नाही. गाणाऱ्यांनी या कार्यशाळेवर विसंबू नये.

अर्ज आणि शिष्टाचार यांविषयीचे सत्र अनेकांना कंटाळवाणे वाटले, मला ते आवश्यक वाटले. तालमीला कोणत्या दिवशी येता येणार नाही, हा अर्जातला रकाना प्रामाणिकपणे भरावा, कारण भूमिका मिळाल्यावर अडचणी सांगणाऱ्या नटामुळे संपूर्ण संचाचे वेळापत्रक कोलमडते आणि अशी माहिती नाट्यवर्तुळात फार लवकर पसरते. दिलेली भूमिका लहान असली तर स्वीकारणार का, या प्रश्नाला ‘हो’ लिहायचे तर मनापासून लिहावे. काही भूमिका आधीच कुणाला दिलेल्या असतील तर संस्थेने तसे जाहीर करणे हे तिचे कर्तव्य आहे आणि उमेदवाराने ते विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हे मार्गदर्शिकांनी ठामपणे सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चाचणी कुणाच्या घरी एकट्याने बोलावून घेतली जात असेल, किंवा शारीरिक जवळीक असलेला प्रसंग पूर्वसूचनेशिवाय करायला सांगितला जात असेल, तर नकार द्यावा, आणि तो नकार कोणत्या शब्दांत द्यायचा याचाही सराव करून घेतला. तिथे बसलेल्या तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यांवर जो मोकळेपणा आला तो पाहून, प्रत्येक नाट्यशिबिरात हे व्हायला हवे असे मला मनापासून वाटले.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी या कार्यशाळेवर नाराज आहे. शेवटच्या दिवशी नमुना ऑडिशन घेतली गेली. बाहेरून दोन परीक्षक आले होते, प्रत्येकाने एकदाच उतारा सादर करायचा होता आणि त्यावर गुण दिले जाणार होते. दुसरे वाचन नव्हते, सूचना नव्हती, जोडीवाचनही नव्हते. वेळ कमी असल्याचे कारण देण्यात आले. परिणाम व्हायचा तोच झाला. घरून घोटून आणलेले, टाळी घेणारे सादरीकरण करणारे वरच्या क्रमांकावर गेले, आणि आदल्या सत्रांमध्ये सूचना मिळताच अंगाअंगाने बदलत गेलेले दोन-तीन उत्तम नट गुणपत्रिकेत कुठल्या कुठे गेले. ज्या तरुणीचा वर उल्लेख केला तिनेही त्या दिवशी सावध होऊन आपला जुना, चढत्या आवाजाचा उतारा जसाच्या तसा केला. तिला दोष देता येत नाही, कारण नियमच असे होते की ज्याला बक्षीस हवे त्याने धोका पत्करू नये. दिवसेंदिवस जे बिंबवले ते शेवटच्या दुपारी आयोजकांनी आपल्या हातांनी पुसून टाकले, हे पाहून वाईट वाटले. मुळात गुण द्यायची गरजच काय होती? निवडचाचणीत कोण श्रेष्ठ याचा निवाडा होत नसतो. पात्राचे वय, उंची, इतर नटांशी जुळणारा सूर, आवाजांतली विविधता अशा अनेक गोष्टी पाहून संच बांधला जातो, आणि उत्तम वाचूनही नाकारल्या गेलेल्या माणसाला हे ठाऊक असेल तरच तो पुढच्या चाचणीला ताठ मानेने जाऊ शकतो.

परीक्षकांचे लेखी अभिप्राय मात्र नंतर प्रत्येकाला पाठवण्यात आले आणि त्यांतला माझा तरी अभिप्राय अतिशय नेमका होता : उताऱ्याच्या मध्यावर वेग एकसुरी होतो, डावा हात विनाकारण हलतो, शेवटचे वाक्य पोचते. ‘छान प्रयत्न’ यासारख्या पोकळ शेऱ्यांपेक्षा असे तीन ओळींचे टिपण लाखमोलाचे असते, आणि गुणपत्रिका रद्द करून केवळ ही टिपणे ठेवली तर कार्यशाळेचे काहीच बिघडणार नाही.

ज्यांनी अद्याप एकही ऑडिशन दिलेली नाही किंवा दिल्या तरी दुसऱ्या फेरीपर्यंत पोचणे जमत नाही, त्यांनी ही कार्यशाळा अवश्य करावी. तालमींत मुरलेल्या नटांना वाचनाची आणि आवाजाची सत्रे पुरेशी आहेत, आणि आयोजक तेवढ्याच सत्रांसाठी स्वतंत्र प्रवेश देतात. नाव नोंदवण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : समोरून वाचायला अनुभवी नट असणार आहेत का, आणि शेवटच्या नमुना ऑडिशनमध्ये प्रत्येकाला सूचनेसह दुसरे वाचन मिळणार आहे का. मी हे दोन्ही मुद्दे आयोजकांना लेखी कळवले असून, पुढच्या तुकडीत परीक्षकांची संख्या वाढवून प्रत्येकाला दोनदा वाचायला देण्याचा विचार असल्याचे त्यांनी उत्तरात म्हटले आहे.